साडेतीन बोटांची मूठ

माझ्या नाकावर राग असतो, हे आधीच सांगून टाकते. लग्न होऊन या घरात आले तेव्हा होता, आता नातवंडं झाली तरी आहे. त्या रागापायी मी दोन किटल्या फोडल्यात, एक चांगली घोडी विकायला लावलीय आणि एकदा नवऱ्याला आठ दिवस गोठ्यात झोपवलंय. ते सगळं निभावलं. पण गेल्या साली एनेंच्या चाळिसाव्याच्या जेवणाला जे करून बसले, ते निभावण्यातलं नव्हतं.

एने म्हणजे माझ्या सासूबाई. बिश्केकपासून लांबच्या आमच्या या डोंगरांत सासरच्या थोरांचं नाव सुनेनं घ्यायचं नसतं, नवऱ्याचंही नाही, म्हणून त्या एने आणि हे आमचे हे. तीस वर्षं मी आणि एने एका चुलीपाशी राहिलो आणि तीस वर्षं आमची जुंपली. मिठावरून जुंपली, शेणीवरून जुंपली, वासराला दूध किती सोडायचं यावरून तर रोज. पण खरी लढाई उन्हाळ्यात, वर जायलूवर, म्हणजे डोंगरातल्या उन्हाळी कुरणावर, तंबूसमोर बोरूची चटई पसरली की सुरू व्हायची. ती कुरूतावरून.

वरच्या कुरणांवर जून-जुलैत दूध मावत नाही. दही लागतं, फडक्यात टांगून त्याचा चक्का होतो, त्यात मीठ मळायचं, गोळे करायचे आणि चटईवर उन्हात टाकायचे. आठ-दहा दिवसांत दगड होतात. तेच कुरूत हिवाळाभर पुरतं. गुराख्याच्या खिशात, प्रवासाच्या गाठोड्यात, आजाऱ्याच्या कढणात, सगळीकडे तेच. मी तळहातावर फिरवून गोल गोल करायची, अक्रोडाएवढे, सगळे एकसारखे. एने मात्र चक्का मुठीत घ्यायच्या आणि एकदाच करकचून दाबायच्या. मूठ उघडली की वेडावाकडा तुकडा, त्यावर बोटांचे खड्डे. तीन लांब आणि एक अर्धा. त्यांच्या उजव्या हाताचं पहिलं बोट अर्धंच होतं. तरुणपणी घोडीचं दावं बोटाला गुंडाळलं गेलं, घोडी बिचकली आणि बोट गेलं. गावात पोरंटोरंसुद्धा तुकडा बघून सांगायची, ही साडेतीन बोटांची मूठ.

मी टोमणे मारायची. म्हणायची, एने, हे कुरूत आहे की कोंबडीनं तुडवलेलं शेण? माझ्या दोन चटया भरायच्या तेव्हा त्यांची अर्धी व्हायची. म्हणायची, हात जरा उचला की, सूर्य काय आपल्यासाठी थांबणार आहे? त्या कधी चिडायच्या नाहीत, हा त्यांचा सगळ्यात मोठा दुर्गुण. पुढचा गोळा उचलत म्हणायच्या, "गोल कुरूत कुणाचंही असतं, सूनबाई."

गेल्या जुलैच्या शेवटी एक दिवस त्यांनी सकाळची धार काढली, फडकंभर चक्का मुठी करून संपवला, हात धुतले आणि म्हणाल्या, जरा पडते. तेवढंच. दुपारी चहाला उठवायला गेले तर उठल्या नाहीत. ब्याऐंशी वर्षं पूर्ण झाली होती. खाली गावात नेऊन माती दिली. मी वर परत आले तेव्हा त्यांची शेवटची ओळ चटईवर अजून ओलीच होती. आठ दिवस मी ती रोज उलटत राहिले आणि कावळे हाकलत राहिले. रडू आलं नाही. आलं नाही म्हणजे आलं नाही, कशाला खोटं सांगू.

त्यांचा धाकटा मुलगा मेदेर येऊ शकला नाही. तो रशियात, येकातेरिनबर्गला गोदामात कामाला. मी सून म्हणून आले तेव्हा आठ वर्षांचा होता, नाक पुसायला माझ्याच पदराला यायचा. मला जेंगे म्हणतो, थोरल्या भावाच्या बायकोला म्हणतात तसं. फोनवर त्याला बातमी दिली ती आमच्या ह्यांनीच. पलीकडून आवाजच आला नाही. हे दोनदा म्हणाले, ऐकतोयस ना? मग फोन बंद झाला. त्याला रजा मिळाली नाही आणि आमच्यात मातीला कुणासाठी थांबत नाहीत.

सप्टेंबरात आम्ही गुरं घेऊन खाली उतरलो आणि चाळिसावं घातलं. एक घोडा कापला, दीडशे माणूस जेवलं. जेवण झालं की बायका तेबेरिक मागतात. म्हातारं माणूस भरल्या आयुष्यानं गेलं की त्याची एखादी वस्तू न्यायची, त्याच्या वयाचा अंश आपल्या घराला लागावा म्हणून. कुणी बटण नेतं, कुणी वाटी. नाही म्हणायचं नसतं आणि एकदा दिलेलं परत मागायचं तर मुळीच नसतं. मी एनेंची डोक्याची फडकी वाटली, कोट दिला, चमचे दिले, अगदी जपमाळेचे मणीसुद्धा सोडवून दिले. पेटी रिकामी झाली तरी बायका बसलेल्याच.

तेव्हा शेजारची तुर्गानबू चहा ओतता ओतता पलीकडचीला म्हणाली, आणि मला ऐकू जाईल इतपत मोठ्यानं म्हणाली, की जिवंतपणी सासूशी एक दिवस पटलं नाही, आता तिच्या चिंध्या देताना बघा कशी हात आखडतेय.

माझं डोकं फिरलं. मी उठले आणि तुळईला टांगलेली कुरूताची पिशवी खाली घेतली. एनेंची शेवटच्या उन्हाळ्याची सगळी कमाई त्यात होती. ओंजळी भरभरून वाटायला लागले. घ्या, घ्या, पोरांनाही द्या, खिसे भरा, या घरानं कधी हात आखडला नाही. आमचे हे दाराशी पाहुण्यांच्या हातावर पाणी घालत उभे होते. जवळून जाताना हळूच म्हणाले, "मेदेरला ठेवलंस का?"

मी म्हटलं, "त्याला काय कमी आहे तिकडे? दुकानं भरलीत."

शेवटचे दोन तुकडे मी दारातल्या म्हाताऱ्या सेयित आबांच्या हातावर ठेवले आणि पिशवी सगळ्यांसमोर उलटी करून झटकली. तुर्गानबूला दिसावी म्हणून.

त्यानंतर नवव्या दिवशी मेदेर आला. पाच दिवसांची रजा काढून. गल्लीच्या तोंडापासूनच मोठ्यानं आक्रोश करत आला, पुरुषांनी यायचं असतं तसा, आणि आमचे हे रिवाजाप्रमाणे दारात काठी टेकून उभे राहिले. मी आत भिंतीकडे तोंड करून बसले आणि सुनेनं म्हणायचा शोक म्हटला. म्हणता म्हणता शब्द विसरले. एवढा बाप्या माणूस दारात लहान पोरासारखा आईला हाका मारत होता आणि जन्मभर जीभ चालवणारी मी, मला पुढचा शब्द आठवेना.

दुसऱ्या दिवशी कबरीवर जाऊन आला. संध्याकाळी चहाला बसला, भाकरी मोडून नुसती हातात धरली आणि म्हणाला, "जेंगे, एनेची एक मूठ दे ना."

मी विचारलं, कशाला रे, भूक लागलीय का? तो कसनुसा हसला. मग सांगायला लागला. तिकडे एका खोलीत अकरा माणसं झोपतात. सगळ्यांचे फोन, सगळ्यांचं घोरणं. त्याला झोप येत नसे तेव्हा तो एनेंनी पाठवलेली मूठ हातात धरायचा. एनेंच्या बोटांच्या खड्ड्यात आपली बोटं बसवायची, अर्ध्या खड्ड्यात पहिलं बोट टेकवायचं आणि डोळे मिटायचे. लहानपणी मेंढरांमागे जायचा तेव्हापासूनची सवय. एक शेवटची मूठ शिल्लक होती, ती तो खातच नव्हता.

"मग भावाचा फोन आला," म्हणाला. "खोलीत सगळे होते. मला ओरडायचं होतं आणि ओरडायला जागा नव्हती. ती मूठ तोंडात कोंबली. दातांनी फोडत बसलो. कामावर जाईपर्यंत संपलीसुद्धा."

आमचे हे माझ्याकडे बघत होते. एका शब्दानं बोलले असते तर मी भांडले तरी असते. मी मेदेरला म्हटलं, वर माळ्यावर ठेवलंय बाबा, नीट बांधून ठेवलंय, जायच्या आधी काढून देते. थाप मारली. त्याच्या तोंडावर बघून थाप मारली आणि कपात चहा ओतत राहिले, कप भरून बशीत सांडेपर्यंत.

सकाळी तो मोठ्या भावाबरोबर गवत आणायला गेला आणि मी डोक्याला फडकं बांधून निघाले. दिलेलं तेबेरिक परत मागायला. आमच्या गावात असं आजवर कुणी केलं नसेल. पहिल्या घरी पोरांनी त्याच दिवशी खाऊन टाकलं होतं. दुसऱ्या घरी पाण्यात घोळून आजारी बाईला पाजलं होतं, बाई बरी झाली म्हणून मलाच दुवा दिला. तिसऱ्या घरी शहरात जाणाऱ्या ड्रायव्हरला दिलं होतं. खायचीच वस्तू ती, लोक खाणारच. चौथ्या, पाचव्या, सहाव्या घरी मी आता नुसतं दारातूनच विचारत होते. एका घरी त्यांनी आपल्याकडचं कुरूत आणून पुढं केलं, हे घे, आमचं ताजं आहे. मला रडायला आलं ते तिथं. पन्नास दिवसांत आलं नव्हतं, ते परक्याच्या उंबऱ्यावर आलं.

शेवटी एकच दार राहिलं, तुर्गानबूचं. मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. ती अंगणात लोकर पिंजत बसली होती. मला बघून म्हणाली, "ऐकलं मी. परत गोळा करत फिरतेस म्हणे."

मी म्हटलं, हो, फिरतेय. तुला हसायचं तर हास, पण असलं तर दे. मेदेरला पाहिजे.

ती हसली नाही. लोकर बाजूला ठेवून आत गेली, कोटाचे खिसे उलटे करून आली. खिशात चुरा होता, नुसता पांढरा चुरा. तिच्या नातवानं खाल्लं होतं. मग म्हणाली, "मी त्या दिवशी तसं बोलायला नको होतं." मी म्हटलं, पिशवी झटकली ती माझ्या हातानं, तुझ्या जिभेनं नाही. आयुष्यात पहिल्यांदा आम्ही दोघी एका मतावर आलो होतो. ती विचार करत म्हणाली, "सेयित आबांना दात नाहीत." आणि फडकं बांधून माझ्याबरोबर निघाली.

सेयित आबा चौऱ्याऐंशीचे. जुन्या काळी एनेंबरोबर मेंढ्यांच्या फार्मवर होते. भिंतीला टेकून उन्हात बसलेले, एक गाल फुगलेला. मला काय पाहिजे ते तुर्गानबूनं त्यांच्या कानात ओरडून सांगितलं. त्यांनी मान हलवली, तोंडात बोट घातलं, तुकडा बाहेर काढला, बाहीला पुसला आणि तळहातावर धरला. पहिला संपला होता, हा दुसरा.

नदीतल्या गोट्यासारखा गुळगुळीत झाला होता. मी उचलून बघितला, फिरवून बघितला. एकही खड्डा राहिला नव्हता. दहा दिवस ते जिभेनं चघळत होते.

"तिच्या हातचं घाईनं खायचं नसतं," आबा म्हणाले. "मेदेरला दे. चव तीच आहे."

मी तो परत त्यांच्या हातावर ठेवला आणि त्यांची मूठ मिटवली. म्हटलं, असू द्या आबा, तुमच्याच वाटणीचा आहे. परत येताना तुर्गानबू माझ्या दंडाला धरून चालत होती.

रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही आणि पहाटेपर्यंत मी ठरवून टाकलं होतं. चक्का घरात होता. उन्हाळ्यातल्याइतका नाही, पण दोन फडकी होता. मेदेर दुसऱ्या दिवशी सकाळी निघणार होता. उन्हात वाळायला वेळ नव्हता, पण चुलीच्या कडेला ठेवलं, वरून राख-धूर लावला तर जुनं दिसेल, असं मी मनाशी म्हटलं. दुपारी तो मशिदीत गेला तशी गोठ्यामागच्या खोलीत जाऊन बसले. चक्क्याचा गोळा घेतला, पहिलं बोट अर्ध्यात दुमडलं आणि मूठ दाबली.

जमलं नाही. दुमडलेल्या बोटाचं हाड चक्क्यात रुततं, कळ कोपरापर्यंत जाते आणि बाकीच्या बोटांतला जोर पळतो. परत केलं. परत केलं. चार-पाच मुठी झाल्यावर माझी मनगटं भरून आली. माझं बोट तरी धड आहे. त्यांचं थोटूक होतं, थंडीत निळं पडायचं, आणि त्या थोटकानं त्या उन्हाळाभर रोज दोन-दोन फडकी चक्का दाबायच्या, आणि मी शेजारी बसून म्हणायची, हात उचला की. तीस वर्षं म्हणायची. कधी एकदाही विचारलं नाही, एने, दुखतं का? आता विचारून काय करू, कुणाला विचारू?

दारात सावली पडली. मेदेर उभा होता. त्यानं आधी माझ्याकडे बघितलं, मग परातीतल्या मुठींकडे, मग माझ्या दुमडलेल्या बोटाकडे. मी हात पदराखाली घेतला, पण उशीर झाला होता.

मग मी सगळं ओकले. एका दमात. पिशवी, तुर्गानबू, त्याच्या भावानं विचारलं होतं ते, दुकानं भरलीत म्हणाले ते, माळ्यावर काही नाही ते, सेयित आबांच्या तोंडातलं ते. म्हटलं, मार मला, शिव्या दे, मी तुझ्या आईची बोटं गावभर वाटून टाकली.

तो खाली मान घालून ऐकत होता. मग माझ्यासमोर चवड्यावर बसला. परातीतली एक मूठ उचलली, खड्ड्यात बोटं बसवून बघितली. बसली नाहीत. हळूच परत ठेवली.

"बोट कशाला दुमडतेस?" म्हणाला. "सरळ कर ते. एनेची संपली, जेंगे. आता तुझी दे. तुझ्याही वेळेला मला रजा मिळेलच असं नाही."

मी त्याच्याकडे बघत राहिले. आठ वर्षांचा होता, मीच त्याला चड्ड्या शिवल्यात. आता कानशिलाचे केस पांढरे झालेत, हातांना खोक्यांच्या पट्ट्यांचे वळ. तो बोलला त्यात राग नव्हता. खरं तेच बोलला. आपल्या घरातलं पुढचं मरण माझं, नाहीतर त्याच्या भावाचं, आणि तेव्हाही फोनच येणार, आणि तेव्हाही खोलीत दहा माणसं असणार.

मी पदराला हात पुसले. चक्का परत मळला, मीठ घातलं, आणि चारही बोटांनी मूठ दाबली. तो एकेक घेऊन पिठाच्या चाळणीत फडक्यावर मांडत होता, एकाला दुसरा लागणार नाही असा. एकवीस झाल्या. वाळायला एक रात्रच होती, तीही चुलीजवळ. वरून धरल्या, आत लोण्यासारख्या ओल्या. पिशवीत भरल्या तर एकमेकींना चिकटून सगळे ठसे जातील, हे त्यालाही माहीत होतं, मलाही.

सकाळी नाक्यावर गाडी आली. आमच्या ह्यांनी त्याची बॅग वर चढवली आणि पाठ फिरवून खोकत राहिले. तुर्गानबू भाकऱ्या घेऊन आली होती. मेदेर चाळण दोन्ही हातांनी छातीशी धरून आत शिरला आणि खिडकीपाशी मांडीवर घेऊन बसला. ड्रायव्हर ओरडला, अरे, बिश्केक सहा तासांवर आहे, ते मागे सामानात ठेव. माणसं दाटीवाटीनं बसत होती, कुणाचा तरी कोपर चाळणीला लागला तसं त्यानं वरून हात धरला. ड्रायव्हरनं परत सांगितलं.

त्यानं ठेवली नाही.